नव्या नाड्याला लटकलो तेव्हा

अख्ख्या नाशकात यारी ओढायला माझ्यासारखा गडी नव्हता. म्हंजे असं मीच म्हणायचो. माझे जोडीदार म्हणायचे, हा असला की तिघांचं काम चौघांना करावं लागतं.

यारी म्हंजे काय, ते आधी सांगतो. विहीर खोदायला लागलं की तिच्या तोंडावर लाकडाचा सांगाडा उभा करायचा. वर एक चाक. बाजूला थोड्या लांब एक जाडजूड ओंडक्याचा रूळ, त्याला दोन्ही टोकांना मुठी. दोघांनी इकडून फिरवायचं, दोघांनी तिकडून. दोर चाकावरून येऊन रुळावर गुंडाळत जातो आन् तळातली दगडाची पाटी वर येते. झालं. ह्याला अक्कल लागत नाय, म्हणून तर मला ठेवला होता. शाळेचं तोंड मी बाहेरून पाहिलेलं, तेही गुरुजींच्या म्हशीला चारा टाकायला गेलो तेव्हा.

तेव्हा गंगापूरच्या रस्त्याला नुसत्या बागा होत्या. गावातल्या एका बागाईतदाराची तिथं पेरूची बाग होती, तिच्यात त्यानं नवी विहीर काढायला घेतली. हा आमचा मालक. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटंल. उन्हाच्या वेळंला घरून ताक पाठवायचा. आम्हा यारीवाल्यांना लोट्यातून मिळायचं, खालच्यांना वरून ओंजळीत. पण ताक एकच होतं, खालच्यांचं पातळ नव्हतं. मी दोन्हीकडचं पिऊन पाहिलंय.

खालचे म्हंजे तळात उतरणारे. कुठल्याही विहिरीवर जा, तळात उतरणारी माणसं दोनच ठिकाणची असायची. एक वेशीबाहेरच्या वस्तीतली, नायतर पेठकडच्या डोंगरातली. भात कापून झाला की डोंगरातले नवराबायको खाली नाशकाला यायचे आन् पाऊस तोंडावर येईपर्यंत मिळंल ते करायचे. आमच्या विहिरीवर असाच एक जण होता. काळाभोर, काटकुळा, बोलायला कमी. त्याची बायको वर आलेला दगड डोक्यावरून बांधावर टाकायची. ती बोलायला कमी नव्हती.

तळातला दगड साधा नव्हता. पहारीनं भोकं पाडायची, भोकात दारू भरायची, वात लावायची, पेटवायची आन् फुटायच्या आत वर यायचं. पेटवून वर यायचं काम त्या डोंगरातल्या गड्याचं, भोकं भरायचं चाचांचं. जुन्या नाशकातले मुसलमान, सगळं आयुष्य सुरुंगात गेलेलं, उजव्या कानानं ठार बहिरे. डाव्या बाजूनं बोललं तर ऐकायचे, पण मर्जी असंल तरच. चाचा वात कापताना नेहमी त्या डोंगरातल्या गड्याकडं एकदा बघायचे, आन् मंग कातर मारायचे. मला वाटायचं हा काहीतरी मंतर असणार. एकदा इचारलं तर म्हणाले, "अरे गधड्या, तो किती भरभर चढतो ते डोळ्यापुढं आणतो. वात मोठी कापली तर दारूला ओल लागते, वात मधीच विझते. छोटी कापली तर माणूस विझतो. म्हणून त्याच्या मापाची कापायची. शिंपी सदरा शिवतो ना, तसं."

आता तो चढायचा कशानं, ते ऐका. सगळी गोष्ट तिथंच हाय.

विहिरीवर दोन दोर होते. एक नवा कोरा. अंबाडीचा, मनगटाएवढा जाड. मालकानं तो मोटेसाठी नाडा म्हणून आधीच आणला होता. पाणी लागलं की हाच मोटेला लावायचा. नव्या नाड्याला ताण बसावा लागतो, नायतर मोटेवर तो लांबत जातो, म्हणून तोवर यारीला लावून त्याच्यावर दगड ओढायचे. मालकाच्या आईनं त्याला हळदकुंकू लावलेलं. दुसरा दोर जुना, तीन-चार विहिरी करून आलेला, गाठीच गाठी. तो एका बाभळीच्या खुंटाला बांधून आत सोडलेला असायचा. खालच्या माणसानं त्याला धरून उतरायचं, त्यालाच धरून चढायचं.

नव्या नाड्याला खालच्या माणसाचा हात लागता कामा नये, हा नियम. मोटेचं पाणी घरात जायचं, देवाच्या पूजेला जायचं. मंग खालचा माणूस पाटी कशी भरायचा? तर पाटीला वर हातभर लोखंडी साखळी होती, तिच्या वर नाडा. लोखंडाला विटाळ नाय. त्यानं पाटी भरायची, साखळीला हात लावला तरी चालतो, पण साखळीच्या वर हात न्यायचा नाय. पाटीत बसून वर यायचं म्हटलं तर नाडा धरावा लागतो, म्हणून तेही नाय. दगड नव्या दोरानं वर यायचा आन् माणूस जुन्या दोरानं.

मला ह्यात काही खटकायचं नाय. आम्ही सगळे मधल्या जातीचे, वरच्यांनी आम्हाला ओसरीवर घ्यायचं नाय आन् आम्ही खालच्यांना अंगणात. जगाची घडीच तशी वाटायची, सकाळी पूर्वेला उजाडतं तशी.

डोंगरवाली रोज एक गोष्ट करायची. सुरुंग पेटवायची वेळ झाली की सगळे बांधाआड पळायचे. एक जण रस्त्यावर जाऊन "सुरुंग हाय, सुरुंग" ओरडायचा, टांगेवाले घोडे आवरून उभे राहायचे. आन् ही बाई डोक्यावर भरलेली पाटी घेऊन तिथंच उभी. नवऱ्याचं मुंडकं विहिरीच्या काठावर दिसंपर्यंत ती पाटी खाली ठेवायची नाय. मी म्हणायचो, वयनी, दगड काय सोन्याचा हाय का. ती माझ्याकडं बघायचीपण नाय.

मंग एकदा चाचांनी मला सांगितलं. आदल्या साली सिन्नरच्या वाटेवरच्या एका विहिरीत तिचा भाऊ गेला. वात पेटवून वर येत होता, जुना दोर तुटला. लोक म्हणाले, विहिरीनं माणूस घेतला. तेव्हा असंच म्हणायचे. पाणी द्यायच्या आधी विहीर एक जीव मागते, म्हणून तर पाणी लागायच्या सुमाराला बोकड कापायचे. कुणी मेलं की म्हणायचे, बोकड उशिरा कापला.

"चाचा," मी म्हणालो, "विहिरीच्या मनात असंल तर आपण काय करणार."

चाचांनी डावा कान माझ्याकडं केला आन् म्हणाले, "मी जन्मभर विहिरी केल्या. विहिरीनं यारीवाला कधी घेतलेला मी तरी नाय पाहिला. मालक घेतलेला नाय पाहिला. रस्त्याची खडी फोडतात तिथं बघ, खाणीत बघ. सुरुंग तर समद्यांना सारखाच. पण मरतो तो डोंगरातला नायतर वेशीबाहेरचा, आन् एखादा आमच्यातला. तुम्ही लोक घरात खाटेवर खोकून मरता. विहीर काय जात इचारून खाते?"

मी हसलो. मला वाटलं चाचा इनोद करतायत. इनोदाची पारख मला पहिल्यापासून तशीच.

तर एके दिवशी दुपारी तो गडी जुन्या दोरावरून चढून आला आन् तळहात दाखवले. दोराचा भुगा लागला होता. आतून कुजलेला. बायकोनं ते बघितलं, डोक्यावरची पाटी ठेवली आन् सरळ मालकापाशी गेली. मालक पेरूच्या झाडाखाली छत्री लावून बसले होते.

"मालक, त्याला नवा दोर द्या," ती म्हणाली.

"अगं, तो मोटेचा नाडा आहे," मालक म्हणाले. "त्याचं पाणी देवाला जायचंय. तुला समजत कसं नाही."

"मंग दुसरा आणा."

"आणू की. बाजाराला गेलो की आणू. आता पाणी चार दिवसांवर आलंय, एवढ्यासाठी कशाला घाई."

"दगड येतो ना त्याच्यावर."

"दगडाला साखळी आहे."

"मंग ह्याला बी साखळीनं बांधा," ती म्हणाली.

सगळे गप झाले. असं कुणी गप झालं की माझ्या तोंडाला खाज सुटते. मी म्हणालो, "अगं वयनी, तुझा नवरा वानरावाणी चढतो. त्याला दोर कशाला पाहिजे? तुम्ही डोंगरातली माणसं. आम्ही पडलो तर मोडतो, तुम्ही पडलात तर उड्या मारता."

जोडीदार हसले. मालकही हसले. मला लय बरं वाटलं. ती मात्र माझ्याकडं वळली, पहिल्यांदाच नीट बघितलं.

"मंग तूच जाय," म्हणाली. "भोकं भरून ठेवलीत. पेटवून ये."

"जातो की," मी म्हणालो. "त्यात काय. तिथं काय वाघ बसलाय?"

बोलून गेलो, आन् आता चार माणसात शब्द गेलेला. मालकांना गंमत वाटली. म्हणाले, "जाऊ दे त्याला. आणि नव्या नाड्यावरच पाठवा, तो आपल्यातलाच आहे." आपल्यातला. मला ओसरीवर न घेणारा माणूस मला आपल्यातला म्हणाला. माझी छाती एवढी फुगली की पाटीत मावंना.

नवरदेवासारखा मी पाटीत बसलो. नाड्याला दोन्ही हातांनी धरलं, हळदीचा डाग नेमका माझ्या नाकासमोर. डोंगरातला गडी काठावर येऊन वाकला आन् म्हणाला, "वात धरली की बघत नको राहू." त्या अख्ख्या दिवसात तो माझ्याशी एवढंच बोलला. मी म्हणालो, "मला शिकवू नको."

खाली पोचलो. तुम्ही कधी कोरड्या विहिरीच्या तळाशी उभे राहिलात का? वरचं तोंड परातीएवढं दिसतं आन् त्याच्यातून सगळे हसतायत. गार वारा नाय, काय नाय, नुसता दगडाचा आन् दारूचा वास. तीन भोकं होती. त्यातून तीन वाती बाहेर आलेल्या, उंदरानं बिळात तोंड घातलं आन् शेपटी बाहेर ऱ्हायली तशा. मी बिडी शिलगावली. पहिली वात पेटवली, दुसरी पेटवली. तिसरीपाशी बिडी विझली. आता शहाणा माणूस काय करंल? तिसरी सोडंल आन् पळंल. मी दुसरी काडी ओढली. तिसरी पेटवली. मंग वाटलं, एवढा उतरलोय तर एक झुरका मारू. मारला. झुरका मारता मारता वातीकडं बघत ऱ्हायलो. ठिणगी सुरसुर करत चालली होती, दिवाळीसारखं. लय छान दिसतं हो.

मंग आठवलं. पाटीत बसलो आन् ओरडलो, "ओढा रे."

पाटी पुरुषभर वर आली आन् थांबली.

आता वर काय झालं होतं, ते मला मागाहून कळलं. यारीला चार माणसं लागतात. चौथा मी. मी पाटीत. यारीवाला खाली गेला तर यारी कोण ओढणार, हे आम्हा यारीवाल्यांत एकाच्याही डोक्यात आलं नाय, कारण यारीवाला खाली जातच नाय. तशी पाळीच कधी आली नव्हती. मी नसल्यानं कुणाचं काही अडलं, असं जन्मात एकदाच घडलं, आन् तेव्हा दोराच्या शेवटी मीच होतो. त्यात माझं वजन दगडाच्या पाटीच्या सव्वापट. त्यात नवा दोर ताणाखाली रुळावर एकावर एक रुतून बसला. तिघं मुठीला लोंबकळले, रूळ हलंना.

मला वरून माझ्या जोडीदारांचं बोलणं ऐकू येत होतं. "आज पाटीत काय भरलंय रे?" "दुपारच्या सात भाकरी हायेत." हसू.

आन् मी गोल फिरायला लागलो. नवा दोर, पीळ सोडत होता. मी भोवऱ्यासारखा फिरतोय, हळूहळू. एकदा तोंड भिंतीकडं, एकदा वातीकडं. भिंत. वात, आधीपेक्षा आखूड. भिंत. वात, अजून आखूड. मी ओरडत होतो पण तोंडातून आवाज येईना. गोदावरीच्या काठावर जेवढे देव हायेत तेवढ्यांना मी नारळ बोललो. मंग काठावरचे संपले तेव्हा त्र्यंबकला गेलो. मंग चाचांच्या पीरालापण चादर बोललो. वयनीला मनातल्या मनात आई म्हणालो.

चाचा ह्या सगळ्यात नव्हते. ते दुपारच्या नमाजाला झाडाआड गेले होते. ते टोपी नीट करत आले, बघतात तर डोंगरातला गडी काठावर उभा. तो वर असून खाली वात पेटल्याचा वास येतोय. त्यांनी यारीकडं बघितलं, तीनच माणसं. समजले. चाचा असे ओरडले की खाली मला ऐकू आलं.

"अरे वात ह्याच्या मापाची हाय, ह्याच्या मापाची. त्याच्या नाय."

तेव्हा वरचं हसू बंद पडलं. ते बंद पडलेलं मला स्वच्छ ऐकू आलं. मी आजवर लय लोकांना हसवलं, पण लोक हसायचे थांबले की काय होतं, ते तेव्हा कळलं. धोतराची अवस्था सांगत नाय. पाटी बांबूची होती, खाली गळत होती, एवढंच सांगतो. मला एक आशा होती की त्यानं वात तरी विझंल, पण माझं नशीब, फिरत होतो ना, नेम बसंना.

मंग मालकांचा आवाज आला. "अरे, अरे, नाड्याला हात..." आन् पुढचं त्यांनी गिळलं.

आन् मी वर उडालो.

खरंच उडालो. डोंगरातल्या गड्यानं आन् त्याच्या बायकोनं चाक आन् रुळाच्या मधी आलेला नाडा दोन्ही हातांनी धरला, वाकवून खांद्यावर घेतला आन् पेरूच्या बागंत पळत सुटले. मोटेचे बैल धावंवरून उतारानं पळतात ना, तसे. मागं वळून बघितलं नाय. मी दणादणा भिंतीवर आपटत वर आलो, काठावर कपाळ चाकाला लागलं, पाटी उलटली, धोतर साखळीच्या आकड्यात अडकलं आन् मी धोतराबिगर खडीवरून घरंगळत पेरूच्या झाडापर्यंत गेलो. चाचांनी माझ्या अंगावर अंग टाकलं.

विहीर बोलली. तिन्ही भोकं एकापाठोपाठ फुटली. दगड असे वर गेले की यारीचं चाक फुटलं. पेरूची पानं आमच्यावर पडत होती, कितीतरी वेळ.

उठून बसलो. सगळे माझ्याकडं बघत होते, आन् बघण्यासारखंच होतं. तेव्हा त्या डोंगरातल्या गड्यानं डोक्याचं फडकं सोडलं आन् माझ्या मांडीवर टाकलं. त्याचा हात सालटून रगत आलेलं. बायकोचेही दोन्ही तळहात सोललेले. नव्या नाड्यावर हळदकुंकवाच्या शेजारी त्यांच्या रगताचे डाग. मी ते फडकं कंबरेला गुंडाळलं. माझ्या जातीतल्या कुणी त्याचं पाणी प्यालं नसतं, आन् मी त्याचं फडकं नेसून गंगापूरच्या रस्त्यानं भर दुपारी घरी गेलो. बायकोनं दारात बघितलं आन् इचारलं, "धोतर कुठंय?" मी म्हणालो, "विहिरीनं घेतलं." ती एवढी हसली की चूल विझली. माझा जीव वाचला हे तिला मी जेवताना सांगितलं, तेव्हा ती हसायची थांबली, आन् दुसऱ्या दिवशी तिनं एक नवं धोतर फाडून त्यातला अर्धा भाग त्या गड्याला पाठवला. उरलेलं अर्धं मला. माझी किंमत तिला नीट ठाऊक होती.

नाड्याचं काय झालं, ते ऐका. मालकांनी दुसऱ्या दिवशी तो लांबूनच बघितला. कुणी म्हणालं, गोमूत्र शिंपडा, शुद्ध होईल. ते म्हणाले, नको, आई ऐकायची नाही. मंग त्या गड्याला म्हणाले, "घेऊन टाका तुम्हीच. आता मोटेला नाही चालायचा." आन् मोटेसाठी दुसरा आणायला माणूस त्याच दिवशी बाजारात धाडला. चार दिवसांची वाट नाय बघितली. हा माणूस वाईट नव्हता, हे मी म्हटलंच होतं.

जुना कुजका दोर त्या गड्यानं तोडून चुलीत घातला. बाभळीच्या खुंटाला नवा नाडा बांधला. पाणी लागंपर्यंत तो त्याच्यावरूनच उतरला आन् चढला. पाणी लागलं, बोकड कापला, मालकांनी सगळ्यांना जेवण घातलं, वेगवेगळ्या पंगतीत. लोक म्हणाले, ह्या विहिरीनं काही माणूस नाय घेतला, शांत विहीर हाय. चाचा माझ्या कानात म्हणाले, "विहीर शांत नाय. दोर चांगला हाय." त्यानंतर पण दोघं नवराबायको त्या नाड्याची गुंडाळी खांद्यावर घेऊन एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर जायचे. काम पाहिजे असंल तर आमचा दोर आमच्याबरोबर, असं ती बाई आधीच सांगून टाकायची. काही मालकांनी हाकललं, काहींनी ठेवून घेतलं.

मी त्यांचा लय ऋणी. अजून हाय. दर वर्षी भात कापून ते खाली आले की मी त्यांच्या पालावर जायचो. कधी पेरू, कधी गुळाची ढेप, कधी बायकोनं दिलेलं लुगडं. त्यांच्या हातची नाचणीची भाकरी मी त्या पालावर बसून खाल्ली. आमच्यातल्या दोघाचौघांनी त्यावरून मला बोल लावले, मी म्हणालो, ज्याच्या फडक्यानं माझी लाज झाकली त्याच्या भाकरीनं काय बाटणार. मला जेवणापुढं जात आठवत नाय, हेही एक कारण होतं. चाचांच्या पीराला चादरपण घातली, चाचांनी ती निवडून दिली आन् म्हणाले, सगळ्यात स्वस्तातली घे, पीर तुला ओळखतो.

पण माझं तोंड. ही गोष्ट मी चहाच्या दुकानात सांगायचो, टांग्याच्या अड्ड्यावर सांगायचो. दर वेळंला ती थोडी वाढायची. पुढं पुढं तर मी जाणूनबुजून खाली उतरलो होतो, त्या गड्याला नवा दोर मिळावा म्हणून. पहिल्यांदा सांगताना मलाच हसू आलं होतं. दहाव्यांदा सांगितलं तेव्हा मला ते खरंच वाटायला लागलं.

दोन-तीन वर्षांनी असंच एकदा मी त्यांच्या पालावर बसलो होतो. ती नाडा उन्हात पसरून एकेक वीत हातानं चाचपत होती, कुठं कुजला तर नाय बघायला. तिचा नवरा धडधाकट, पोरगं मांडीवर घेऊन बसलेला. मला तो बघून एवढं भरून आलं की मी म्हणालो, "वयनी, तुम्ही माझ्यासाठी जीव धोक्यात घातलात, मालकाचा नियम मोडलात, हे मी मरंपर्यंत इसरणार नाय. पण एक म्हणतो, राग मानू नको. मी उतरलो नसतो तर हा दोर तुम्हाला मिळाला नसता. म्हंजे बघ, तुम्ही मला वाचवलं, आन् मी तुझ्या नवऱ्याला."

नवऱ्यानं मान खाली घातली, हसू लपवायला. ती चाचपायची थांबली नाय.

"आम्ही त्या नाड्याला हात लावायला आठवडाभर टपून बसलेलो," ती म्हणाली. "एकदा हात लागला की मालक परत घेणार नाय, ते ठाऊक व्हतं. फकस्त लावला तर मार बसला असता. कुणाचा जीव लटकला तर मार बसणार नव्हता. तुला मालक नाड्यावरच धाडणार आन् यारीला तिघंच उरणार, म्हणून तुला जाय म्हणलं."

मी म्हणालो, "म्हंजे मला वाचवायला नाय ओढलं?"

"तुला कुणी ओढलं?" ती म्हणाली. "आम्ही दोर ओढला. तू त्याच्या शेवटाला व्हतास."